न गायलेला जवाब

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण कुणी विचारतच नव्हतं. निवृत्त मुख्याध्यापकाला लोक रक्तदाब विचारतात, मुलगी कुठे असते ते विचारतात आणि पुढे जातात. यंदा मात्र डिसेंबर लागला आणि दिवा गावातल्या माझ्या जुन्या शाळेतून फोन आला. नव्या मुख्याध्यापिका बोलत होत्या. परिसरातल्या कलावंतांना शाळेत बोलावून मुलांना कला शिकवण्यासाठी सरकार पूर्वी जे अनुदान देत असे, ते पुन्हा सुरू होतं आहे, असं त्या म्हणाल्या. आपल्या शाळेनं ते पहिल्यांदा घेतलं तेव्हा सर, तुम्हीच होतात. तर स्मरणिकेसाठी त्या गोड आठवणी लिहून द्याल का? मी हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो 'गोड' शब्द घरात फिरत राहिला.

डोंबिवलीत डिसेंबर थंडीनं कळत नाही, गॅदरिंगनं कळतो. माझ्या गॅलरीच्या तीन बाजूंना तीन शाळा आहेत. ऊन उतरलं की तिन्हीकडचे लाउडस्पीकर एकदम सुरू होतात. एकीकडून कोळीगीत, दुसरीकडून देशभक्ती, आणि तिसरीकडे एक बाई पालकांना विनंती करत असतात की खुर्च्या पुढे ओढू नका, मागच्यांना दिसत नाही. सगळं मिसळून माझ्यापर्यंत येतं तेव्हा त्यातलं एकही गाणं गाणं राहिलेलं नसतं. खालच्या मजल्यावरची छोटी मुलगी मोराचा पिसारा लावून जिना उतरते, पिसारा कठड्यात अडकतो, आणि तिची आई खालून हाका मारत राहते. त्या पाठोपाठ जिन्यात भाड्याच्या कपड्यांचा वास रेंगाळतो. डांबराच्या गोळ्या, कुणा दुसऱ्याचा जुना घाम, आणि त्यावर ताजी पावडर. हा वास मी पस्तीसेक वर्षं छातीत भरून घेतला. तेव्हा मी या मोसमाच्या मधोमध असायचो. सेफ्टी पिना, हरवलेल्या बांगड्या, रडणारी मुलं, सगळं माझ्या टेबलापाशी येऊन थांबायचं. आता मी एका कपाचा चहा करतो. एका कपाचा चहा काही केल्या जमत नाही. दूध जास्त होतं, नाहीतर पातेलं करपतं.

दिव्याचा हिवाळा वेगळा होता. सकाळी खाडीवरून धुकं यायचं, ते शाळेच्या पत्र्यावर बसायचं आणि प्रार्थनेच्या वेळी थेंबाथेंबानं मुलांच्या मानेवर पडायचं. चिखलाचा, मिठाचा आणि दूर कुठे जळणाऱ्या गवताचा वास. रस्त्याच्या कडेला निळ्या पिंपांची रांग, टँकरची वाट बघत. पहिला तास सुरू झाल्यावर निम्मी मुलं यायची, कारण ती त्या रांगेत उभी असायची. उशीर का झाला हे आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं.

अनुदानाचं परिपत्रक आलं तेव्हा बाकीच्या शाळांनी नाचाच्या क्लासवाल्यांना फोन केले. त्यात चूक काही नव्हती. मुलांना हिंदी गाणी हवी असतात, पालकांना झगमगाट, आणि शाळेला फोटो. माझं लक्ष मात्र एका अटीवर अडलं. कलावंत शाळेच्या परिसरातला हवा. मी खिडकीबाहेर बघितलं. परिसर म्हणजे चाळी, अर्धवट इमारती, टँकर. यात कलावंत कुठून आणायचा?

मग आठवलं की शाळेच्या मागच्या चाळीत नवरात्राच्या आधी रोज संध्याकाळी मृदंग वाजतो. रत्नागिरीकडची मंडळी तिथं जाखडीची तालीम करायची. मधे गाणारे आणि वाजवणारे, भोवती रिंगण धरून नाचणारे, प्रत्येकाच्या एका पायात घुंगरू. आम्ही स्टाफरूममध्ये त्याला 'बाल्या नाच' म्हणत असू, आणि म्हणताना जरा हसत असू. आदल्या वर्षी परीक्षेच्या वेळी मीच शिपाई पाठवून त्यांना आवाज कमी करायला सांगितलं होतं. त्याच आवाजाच्या दिशेनं आता मी स्वतः चालत गेलो.

त्यांच्या शाहिराचं नाव धाकू. सगळे धाकूशाहीर म्हणत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ते कामाला होते. मी योजना सांगितली, मानधन सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. शेवटी त्यांनी विचारलं, शाळेत म्हणजे वर्गात शिकवायचं का, तासाला? मी म्हटलं, हो, वेळापत्रकात. त्यावर ते आत गेले आणि बायकोला काहीतरी सांगून आले. नंतर कळलं की वेळापत्रकात जाखडी लागणार हे त्यांनी त्या रात्री अख्ख्या चाळीला सांगितलं. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात होता. बापाच्या नाचाची त्याला लाज वाटायची. मित्र घरी आले की तो मृदंगावर चादर टाकायचा. हे शाहिरांनीच मला हसत सांगितलं होतं. "माझ्यामागं रिंगणात पाय टाकील असं घरात कोण नाय, सर. एक पोर जरी तयार झालं इथलं, तरी मला पुरं."

एवढंच त्यांना हवं होतं. एक पोर.

कारखान्यात सकाळची पाळी मागून घेऊन ते दुपारी यायचे. पांढरा शर्ट, ओल्या केसांना तेल, काखेत चादरीत गुंडाळलेला मृदंग. पहिल्या दिवशी मुलांनी 'बाल्या, बाल्या' करून वर्ग डोक्यावर घेतला. मी छडी शोधत होतो. शाहीर म्हणाले, "हसा. हसून झालं की पाय उचला." आणि वाजवायला बसले. मुलं हसत राहिली, पण पाय उचलले गेले. पंधरवड्यात अशी वेळ आली की वरच्या मजल्यावरच्या ठेक्यानं खालच्या वर्गाच्या छताचा चुना पडू लागला. खिचडी शिजवणाऱ्या बाई पळी हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहायच्या. त्यांचंही गाव तिकडचंच. आठवड्यातून दोनदा खिचडी खालून लागायची, आणि मुलांनी तक्रार केली नाही.

माझ्या आयुष्यातल्या त्या सर्वांत आनंदाच्या दुपारी होत्या, हेही नोंदवायला हवं. मी मराठीचा शिक्षक. वृत्तं शिकवण्यात माझी हयात गेली, पण मुलांच्या पायांत वृत्त पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. मी माझे कागदपत्र बाजूला ठेवून वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचो. शाहीर मधेच थांबून मला विचारायचे, "सर, हा शब्द बसतो काय?" कुणीतरी आपल्याला खरंच हवं म्हणून विचारतंय, हे फार दिवसांनी होत होतं.

जाखडीत दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. एक पक्ष गाण्यातून सवाल टाकतो, दुसरा त्याला जवाब देतो. सवाल झोंबरा असायचाच. समोरच्याला टोमणा मारल्याशिवाय त्यात मजा नाही. मग जवाब येतो, तो सवालाची हवा काढून घेतो, लोक हसतात, आणि वातावरण पुन्हा हलकं होतं. नुसता सवाल ऐकून उठून जाणं म्हणजे कुणीतरी शिवी दिली आणि आपण घरी निघून आलो, असं. आम्ही मुलींना शक्ती केलं आणि मुलांना तुरा. शाहिरांनी राधा-कृष्णाचा सवाल शिकवला. तो पाठ झाल्यावर म्हणाले, आता तुमचा तुम्ही रचा.

प्रणाली म्हणून आठवीतली एक मुलगी होती. अंगानं काडी, आवाज मात्र पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. दुसऱ्या दिवशी ती एक ओळ घेऊन आली: 'नळ आला गं दारी, हंडा कोरडा रांगेत.' पुढची ओळ तिला सुचत नव्हती. शाहीर त्या दिवशी कामावर अडकले होते. वर्गात मीच होतो. मला ती ओळ इतकी आवडली की मी खडू घेतला आणि फळ्यावर खाली लिहिलं:

'सांग तुरेवाल्या, पाणी गेलं कुणाच्या बागेत?'

वर्गात हशा उसळला. कुणाच्या बागेत हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या भागातल्या एका मोठ्या माणसाच्या बंगल्यापुढे हिरवळ होती आणि तिच्यावर भर मे महिन्यात कारंजी उडायची. मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, पण खडू हातात असताना ती हिरवळ माझ्या डोळ्यांपुढे होती. जवाबही मीच रचला, कारण मी सावध माणूस:

'बागेत नाही गेलं पाणी, तुझ्याच अंगणी सांडलं,
तोटी उघडी टाकून पोरी, कशाला गं भांडण मांडलं?'

प्रणालीला तो पटला नाही. ती म्हणाली, "पण सर, तोटी उघडी टाकायला पाणी तर यायला पाहिजे ना." मी म्हटलं, अगं, गंमत असते ती. तिनं खांदे उडवले.

शाहिरांनी तालमीत हे ऐकलं आणि मृदंगावरचा हात थांबवला. मुलं गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पाव्हणे कोण येणार हायेत?" तोच बागवाला मोठा माणूस पाहुणा होता, आणि अनुदानाच्या कचेरीतले साहेबही येणार होते. शाहीर म्हणाले, आमच्या मंडळात चाललं असतं हे, पण इथं ऐकणारे आपले नव्हेत. सवालावरच डोकं फिरलं तर जवाबापर्यंत थांबतील काय? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण त्यानंतर मी ते कुणालाही म्हटलेले नाहीत. मी म्हटलं, "मी आहे ना."

गॅदरिंगचा दिवस. मैदानात मांडव, लाल खुर्च्या, भुईमुगाच्या टरफलांचा खच. शाहिरांनी त्यांचा स्वतःचा भगवा फेटा बांधला होता. चाळीतली निम्मी माणसं भिंतीवर चढून बसली होती, आणि त्यांत तो मोबाइलवाला मुलगाही होता. तो मला आधी दिसला, शाहिरांना नंतर. दिसला तेव्हा शाहिरांनी फेटा पुन्हा एकदा चाचपला.

गण झाला, गवळण झाली. पाहुणे टाळ्या वाजवत होते. मग प्रणाली पुढे आली, कमरेवर हात ठेवला आणि तिनं सवाल टाकला. भिंतीवरून जी आरोळी उठली ती मी अजून कधी झोपेत ऐकतो. प्रणालीनं ओळ पुन्हा घेतली, जोरात. पाहुण्यांचा चेहरा विझल्यासारखा झाला. शेजारचे साहेब वळून मला म्हणाले, "हे काय चाललंय?"

मला एकच वाक्य म्हणायचं होतं: साहेब, जरा थांबा, जवाब ऐका. समोर तुरेवाली मुलं जवाब ओठांवर घेऊन उभी होती. त्यांचा पहिला पाय उचललेला होता. मी उठलो, आणि साउंडवाल्याला हातानं खूण केली.

माइक गेला तरी मुलं थोडा वेळ गात होती. मांडवात ते नुसते उघडे-मिटते ओठ दिसले, कारण साउंडवाल्यानं मधेच कुठलंसं रेकॉर्डवरचं गाणं सुरू करून दिलं. पाहुणे भाषण न करता निघाले.

ऑफिसात शाल-श्रीफळ तसंच पडून होतं. वेफर्सच्या बशा, चहा. साहेब शांतपणे म्हणाले, "कुणी लिहिलं हे?" मी म्हटलं, "शाहिरांनी बसवलंय." यात खोटं काही नव्हतं. बसवलं त्यांनीच होतं. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला असं वाक्य आयत्या वेळी बरोबर सापडतं.

शाहिरांना आत बोलावलं. जाखडीवाल्यांची एक रीत आहे. कवन कुणीही रचलेलं असो, रिंगणाच्या मधे जो फेटा बांधून उभा असतो, तो प्रत्येक शब्दाचा धनी. शब्द अंगावर आला तर त्यानं झेलायचा. ही रीत त्यांनीच मला एका दुपारी सांगितली होती. ती मला ठाऊक होती आणि त्या क्षणी मी तिच्याच भरवशावर बसून होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग साहेबांना म्हणाले, "मी उभा होतो ना साहेब. म्हणजे शब्द माझाच."

बाहेर प्रणाली उभी होती, अजून घुंगरू न सोडलेली. तिनं विचारलं, "सर, आम्ही जिंकलो का? त्यांनी जवाब दिला नाही." मी म्हटलं, बरोबरी झाली. सुमन, माझी पत्नी, दुसऱ्या रांगेत नवी साडी नेसून बसली होती. रिक्षात ती म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात की जवाब फार गमतीचा आहे. मग गायला का नाही?" मी म्हटलं, वेळ संपली.

पुढचं सगळं आवाज न करता झालं. शाहिरांचं नाव योजनेतून गेलं. ज्या दोन शाळांनी त्यांना विचारलं होतं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या वर्षी मंडळाला जाखडीच्या सामन्यासाठी मैदान मिळालं नाही. का मिळालं नाही हे सगळ्यांना कळलं, आणि मंडळातल्याच लोकांनी शाहिरांना बोल लावले की पोरांच्या तोंडून पुढाऱ्याची उणीदुणी काढायला कुणी सांगितलं होतं. फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर गेला. आमच्या शाळेनं पुढच्या हिवाळ्यात ठाण्याहून नाचाचा क्लास बोलावला आणि उत्तम अंमलबजावणीची ढाल मिळवली. ती घेतानाचा माझा फोटो ऑफिसात लावलेला आहे. नव्या मुख्याध्यापिकांनी फोनवर त्याचाच उल्लेख केला. त्यात मी हसतो आहे.

मी कधी कधी विचार करतो, सरकारनं ते पैसे कशासाठी दिले असतील. बहुधा कुणातरी भल्या माणसाला वाटलं असेल की शाळेची भिंत आणि मागची चाळ यांत एक दार असावं. दार झालंही होतं. एका हिवाळ्यापुरता माझा वर्ग आणि त्यांचं अंगण एक झालं होतं. पण दार उघडणाऱ्याचा हात कडीवरच राहिला, आणि पहिला वारा आला तसं त्यानं ते लावून घेतलं. आत मीच राहिलो. अजून आतच आहे. सुमन गेली, मुलगी बंगळुरूला. रविवारी ती व्हिडिओवर दिसते आणि पपा, जेवलात का विचारते. बाकीचे दिवस मी, गॅलरी आणि तीन शाळांची गाणी.

निवृत्तीनंतर दिव्याला जाईन जाईन म्हणत काही वर्षं गेली. गेलो तो सुमनच्या वर्षश्राद्धानंतर, अशाच एका डिसेंबरात. मागची चाळ पडून तिथं इमारत उठली होती, आणि शाहीर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होते. काय बोलायचं ते मी वाटेत घोकत गेलो होतो. जिन्यात दम लागला म्हणून थांबलो, तेव्हा पुन्हा एकदा घोकलं.

दार त्यांनीच उघडलं. वाळले होते, पण केसांना तेल तसंच. "अगं, सर आले," म्हणून त्यांनी आत हाक दिली, आणि मला एकुलत्या एका खुर्चीवर बसवून स्वतः पलंगाच्या कडेला टेकले. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं, मग चहा. नात टीव्ही बघत होती, तिला त्यांनी माझ्या पाया पडायला लावलं. हे सर, ह्यांनी मला शाळेत नेलं, असं तिला सांगितलं. प्रणालीचं लग्न झालं, ती खडवलीला असते, तिला मुलगा झाला, हेही त्यांनीच सांगितलं. जाखडी ती करत नाही. कुणीच करत नाही, ते म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज कमी करायला उठले.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "शाहीर, त्या दिवशीचं..."

त्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या, सर. मी तवाच समजलो. बोलणार नाय असा माणूस नाय हा, घरात कायतरी असणार. मागनं कुणीतरी सांगितलं, तुमची मंडळी लय आजारी. मंग म्हटलं, बरोबर हाये. घरात तसलं दुखणं, त्यात नोकरीला धक्का लागला तर माणूस काय करील? मी असतो तरी गप बसलो असतो." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "वहिनी तवा आजारी होत्या, ना?"

ते माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं माझ्यासाठी एक कारण जपून ठेवलेला माणूस ते कारण माझ्या हातात देत होता. मी म्हटलं, "हो."

त्यांनी मान हलवली, समाधानानं. मला रिक्षापर्यंत सोडायला खाली आले. दोन पावसाळ्यांनंतर ते गावी वारले, असं कळलं.

जे सांगायला गेलो होतो ते एवढंच होतं, आणि ते इथं लिहून ठेवतो. शाहीर, ओळ माझी होती. मी आहे ना, असं मी म्हटलं होतं, आणि मी नव्हतो. मला माफ करा. आणि सुमनचं दुखणं निघालं ते पुढच्या वर्षी. त्या हिवाळ्यात माझ्या घरात कुणीही आजारी नव्हतं.